नदीकाठचा मुक्काम आणि स्नानाचे पाणी

पौष महिन्यातील एखाद्या सकाळी मंडलेश्वराहून महेश्वराकडे नर्मदेच्या काठाकाठाने जाणाऱ्यास एक दृश्य अलीकडे वरचेवर दिसू लागले आहे. घाटापासून दूर, मोकळ्या जागेत दोन-चार वाहने रात्रीच्या मुक्कामाला थांबलेली असतात. त्यांत परिक्रमेस निघालेल्या मंडळींचा ट्रक असतो, एखाद्या खेड्यातून देवदर्शनास आलेली ट्रॅक्टरची ट्रॉली असते आणि कधी कधी, ज्यात निजण्याची, स्वयंपाकाची व क्वचित स्नानाचीही सोय केलेली असते असे निवास-वाहन, म्हणजे कॅराव्हॅनही असते. महाराष्ट्र व केरळ या राज्यांनी २०२१ साली अशा वाहनांच्या पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केल्यापासून हा प्रकार आपल्याकडे अगदीच नवलाचा राहिलेला नाही. ट्रॉलीतील वृद्धा आणि निवास-वाहनातील शहरी कुटुंब यांच्या राहणीत पुष्कळ अंतर असले, तरी सूर्य वर येताच दोघांपुढे प्रश्न एकच उभा राहतो : अंघोळ कशी करावयाची? समोर नदी वाहत असते. बहुतेक मंडळी सरळ पाण्यात उतरतात, अंगाला साबण लावतात, कपडे बुचकळतात, तेथेच चूळ भरतात. आणि वीस हात खाली दुसऱ्या मुक्कामातील कोणी त्याच पाण्याची कळशी भरून घेत असते.

यात कोणाचा उद्दामपणा नसतो. नदी वाहती आहे आणि ती सर्व काही वाहून नेते, ही समजूत फार जुनी आहे, आणि नदीकाठची वस्ती विरळ होती तोवर ती बऱ्याच अंशी खरीही होती. आता नदी तीच असली तरी तिच्या काठची माणसे, गुरे, गटारे आणि शेतांतील औषधे वाढली आहेत. ठिकठिकाणी धरणे उभी राहिल्याने प्रवाहाचा वेगही पूर्वीचा उरलेला नाही. यास्तव मुक्कामावरील मंडळींनी स्नानासाठी नदीत उतरण्याऐवजी नदीचे पाणी काठावर आणावे, ते निवळून व निर्जंतुक करून घ्यावे आणि स्नान पात्रापासून दूर उरकावे, हे या लेखात सांगावयाचे आहे. त्यासाठी लागणारी सामग्री म्हणजे एक पिंप, तुरटीचा खडा आणि ब्लीचिंग पावडरची पुडी.

तीर्थस्नानाच्या श्रद्धेला यामुळे बाध येत नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. घरी स्नान करताना गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू व कावेरी या सात नद्यांना तांब्यातील पाण्यात येण्याची विनंती करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. नदीने भांड्यात यावे, ही कल्पना आपल्या पूर्वजांना परकी नव्हती. ज्यांना पर्वकाळी बुडी घ्यावयाची असेल त्यांनी ती अवश्य घ्यावी. साबण, तेल व धुण्याचे कपडे मात्र काठावर ठेवावेत.

नितळ पाणी आणि शुद्ध पाणी

हिवाळ्यात नर्मदेचे पाणी इतके नितळ असते की कमरेएवढ्या पाण्यात पायाखालचे गोटे मोजता यावेत. असे पाणी अशुद्ध कसे असेल, असा प्रश्न ग्रामस्थ विचारतात. नितळपणा डोळ्यांना कळतो. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, एवढेच याचे उत्तर आहे. केंद्र शासनाने २००० साली स्नानाच्या पाण्याकरिता जे निकष अधिसूचित केले, त्यांत माणसांच्या व जनावरांच्या विष्ठेतून येणाऱ्या कोलिफॉर्म जंतूंची संख्या दर १०० मिलिलिटर पाण्यात ५०० पर्यंत असणे इष्ट व २५०० ही कमाल मर्यादा मानली आहे. हे जंतू स्वतः फारसे अपायकारक नसतीलही. परंतु ते आढळले म्हणजे पाण्यात मैला मिसळला आहे आणि त्याच्या सोबतीने विषमज्वर, कावीळ, पटकी यांचेही जंतू आलेले असू शकतात, अशी ती सूचना असते.

स्नानाचे पाणी आपण पीत नाही, ही समजूतही पुरती खरी नाही. लहान मूल अंघोळ करताना पाण्याचे दोन-चार घोट हमखास गिळते. मोठी माणसे दात घासतात, चूळ भरतात, डोळ्यांवर पाणी मारतात. याखेरीज काही रोग असे आहेत की त्यांना तोंडावाटे जाण्याची गरजच नसते. लेप्टोस्पायरोसिस हा त्यांपैकी आपल्या परिचयाचा. उंदरांच्या व गुरांच्या मूत्रातून त्याचे जंतू पाण्यात व चिखलात येतात आणि पायाला पडलेल्या भेगांतून, खरचटल्या जागेतून किंवा डोळ्यांतून शरीरात शिरतात. कोकणात व गोव्यात पावसाळ्यात आणि पावसाळा सरताना त्याचे रुग्ण आढळतात. नदीतील स्नानानंतर साधारणतः एक-दोन आठवड्यांत एकाएकी ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना व डोळे लाल होणे ही लक्षणे दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. आणि आपण अमुक दिवशी नदीवर मुक्कामाला होतो, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना न विचारता सांगावे. पुष्कळदा हीच गोष्ट सांगावयाची राहून जाते आणि निदानास विलंब होतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावचे उदाहरण याहून विलक्षण आहे. १९५२ साली तेथील काही रुग्णांच्या लघवीतून रक्त जाण्याचे कारण शोधताना, आफ्रिकेत सर्रास आढळणारा शिस्टोसोमा नावाचा कृमी तेथे असल्याचे उघडकीस आले. गोड्या पाण्यातील गोगलगाईच्या शरीरात या कृमीची पिले वाढतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या अखंड कातडीला भोक पाडून आत शिरतात. भारतात हा रोग अतिशय विरळ आहे, तेव्हा त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. मात्र पाण्यात नुसते उभे राहूनही रोग जडू शकतो, ही गोष्ट आपल्या कोकणातच एकदा दिसून आलेली आहे.

केरळात २०२४ व २०२५ साली ज्याचे रुग्ण आढळल्याच्या बातम्या वाचकांनी वाचल्या असतील, तो मेंदूचा अमीबाजन्य ज्वरही येथे सांगितला पाहिजे. त्याचा अमीबा उन्हाळ्यातील कोमट, साचलेल्या पाण्यात राहतो व नाकावाटे मेंदूकडे जातो. पाणी पोटात गेल्याने हा रोग होत नाही. तो क्वचितच होतो, पण झाला असता बहुधा प्राणघातक ठरतो. तेव्हा डोहात सूर मारणे व मुलांना बुडवून काढणे टाळावे, आणि जलनेती करणाऱ्यांनी उकळून निववलेलेच पाणी वापरावे.

आपल्या देशाने पाण्यातील एका रोगावर पूर्ण विजय मिळविला आहे, त्याची हकीकत या विषयाला लागू पडते. नारूचा भारतातील अखेरचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेकडून मिळाले. नारूचा प्रसार होत असे तो मुख्यतः पायऱ्यांच्या विहिरींतून. पायाला नारू झालेला मनुष्य पायऱ्या उतरून पाण्यात उभा राही, त्याच्या जखमेतून कृमीची पिले पाण्यात जात, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्या दुसऱ्या माणसाला वर्षभराने नारू होई. यावर जे उपाय योजले गेले, त्यांत पायऱ्यांच्या विहिरी बदलून वरून दोराने पाणी काढण्याची व्यवस्था करणे आणि पाणी फडक्याने गाळणे हे प्रमुख होते. माणसाने पाण्यात न उतरता पाण्यानेच वर यावे, इतकाच तो बदल होता.

शहराची रीत पिंपात

इंदूरच्या नळाला येणारे पाणी हे नर्मदेचेच पाणी होय. सुमारे सत्तर किलोमीटर दूर असलेल्या जलूद येथून ते उचलून विंध्याचा चढ चढवून शहरात आणले जाते. परंतु इंदूरकर ते जसेच्या तसे अंगावर घेत नाही. गाळ खाली बसविणे, वाळूतून गाळणे आणि क्लोरीन देणे या क्रिया त्यावर झालेल्या असतात. वडोदऱ्याने मही नदीचे पाणी घेताना निराळी युक्ती योजली. तेथे पात्रातील वाळूच्या थरात फ्रेंच विहिरी बांधल्या असून वाळूतून झिरपलेले पाणी त्यांत गोळा होते. शहरातील माणूस त्याच नदीकाठी सहलीला गेला म्हणजे मात्र जे पाणी एरवी तो शुद्धीकरणाशिवाय घेत नाही, तेच थेट डोक्यावर ओततो, याचे नवल वाटते. शहरासाठी जे केले जाते ते लहान प्रमाणात मुक्कामावरही करता येते.

प्रथम पाणी कोठून घ्यावे हे पाहावे. मुक्काम पडताच दोघांनी काठाने प्रवाहाच्या वरच्या अंगास दोन-तीन फर्लांग चालून यावे. वर एखादे गटार, स्मशान, धोबीघाट, कारखान्याचा नाला किंवा गुरे बसण्याची जागा असेल तर ते ठिकाण सोडून द्यावे. साचलेल्या पाण्यावर हिरव्या रंगासारखा दाट तवंग असल्यास ते पाणी कोणत्याही उपायाने वापरण्याजोगे होत नाही. त्यातील शेवाळाचे विष उकळूनही जात नाही. गुरांनाही तेथे पाजू नये. तुरटी व ब्लीचिंग पावडर यांनी गाळ व जंतू जातात, पण शेतातील कीटकनाशके अथवा कारखान्यातील रसायने जात नाहीत, हे पक्के ध्यानात ठेवावे.

पाणी काढताना दोर बांधलेली बादली वापरावी. हे केवळ स्वच्छतेसाठी नव्हे. वडोदऱ्याच्या वाचकांना विश्वामित्रीतील मगरी ठाऊक आहेत, सांगली भागातील वाचकांना कृष्णेतील, आणि गोव्यात कुंभारजुव्याचा कालवा त्यांच्यासाठी प्रसिद्धच आहे. नर्मदेतही मगर आहे. पहाटे अंधुक उजेडात कडेला वाकून कळशी भरणारा मनुष्य तिला चटकन गवसतो.

जेथे पात्रात रुंद वाळवंट असेल तेथे झिरा खोदणे सर्वांत उत्तम. पाण्याच्या कडेपासून दहा-बारा फूट मागे वाळूत दोन-तीन फूट खोल खड्डा करावा. पहिले दोन-तीन वेळचे गढूळ पाणी उपसून टाकावे. त्यानंतर जे झिरपते ते वाळूने गाळलेले असते. वडोदऱ्याच्या फ्रेंच विहिरीमागील तत्त्व हेच, आणि आपल्या खेड्यांतील बायाबापड्या ते उन्हाळ्यात पिढ्यानपिढ्या वापरीत आलेल्या आहेत. पिंपात ओतताना जुन्या सुती साडीची चार पदरी घडी तोंडावर बांधावी. बांगलादेशातील खेड्यांत अशा घडीने गाळलेले पाणी वापरल्याने पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले आहे. नवे, कुळकुळीत पातळ यासाठी निरुपयोगी. धुऊन धुऊन ज्याचे सूत फुगले आहे ते जुनेर चांगले.

आता तुरटी. दोनशे लिटरच्या पिंपाला लहान सुपारीएवढा, म्हणजे सहा ते दहा ग्रॅम वजनाचा खडा पुरतो. तो तांब्याभर पाण्यात विरघळवून पिंपात ओतावा, मिनिटभर जोराने व पुढे पाच-सात मिनिटे सावकाश ढवळावे आणि पिंप तासदीड तास हलवू नये. गाळाचे कण एकमेकांस चिकटून कापसाच्या पुंजक्यांसारखे खाली बसतात. पूर्वी आपल्याकडे निवळीची बी माठाच्या आत घासून हेच काम साधीत. निवळी मिळाल्यास तीही चालेल, पण तिचे प्रमाण बेताने ठरवावे लागते. पिंपाची तोटी बुडापासून चार बोटे वर असावी, म्हणजे खालचा गाळ हलत नाही.

पाणी निवळल्यावर ब्लीचिंग पावडर द्यावयाची, आधी नव्हे. गढूळ पाण्यात क्लोरीनचा बराचसा भाग गाळावरच खर्ची पडतो आणि जंतू गाळाच्या कणाआड दडून राहतात. ताज्या पावडरमध्ये सुमारे एकतृतीयांश क्लोरीन असतो. १५ ग्रॅम पावडर घेऊन प्रथम थोड्या पाण्यात कालवावी, मग पाणी वाढवीत एक लिटर करावे व निवळू द्यावे. वरचे निवळ पाणी १०० मिलिलिटर, म्हणजे लहान पेलाभर, दोनशे लिटरच्या पिंपाला पुरते. ढवळून अर्धा तास ते तासभर थांबावे. पाण्याला नळाच्या पाण्यासारखा किंचित वास आला पाहिजे; मुळीच न आल्यास आणखी निम्मे माप घालून पुन्हा अर्धा तास थांबावे. हे द्रावण रोजच्या रोज ताजे करावे. पावडरची पुडी घट्ट झाकणाच्या बरणीत, कोरड्या व काळोख्या जागी ठेवावी. ओलसर हवेत उघडी राहिलेली पावडर दिसावयास तशीच पांढरी असते, पण तिच्यात दम राहिलेला नसतो. दुकानातून ती सुटी घेणाऱ्यांची याच ठिकाणी फसगत होते. आरोग्य केंद्रात अथवा औषधाच्या दुकानात क्लोरीनच्या गोळ्या मिळाल्यास वेष्टनावरील प्रमाणाने त्या वापराव्या. पिण्यासाठी मात्र यातीलच पाणी पुन्हा उकळून घ्यावे.

झारी, पंप आणि बंब

बादलीतून तांब्याने स्नान करणाऱ्यास पंधरा ते वीस लिटर पाणी लागते. एका पिंपात दहा माणसांचे काम होते. निवास-वाहनातील मंडळींना फवाऱ्याची सवय असते. सतत चालू ठेवलेला फवारा मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी खातो आणि पिंप पाहता पाहता रिते होते. यावर तोड सोपी आहे. फवाऱ्याच्या नळीला दाबले असताच उघडणारी चाप-तोटी बसवावी. अंग भिजवावे, चाप सोडून साबण लावावा, पुन्हा चाप दाबून धुवावे. मग सहा-सात लिटरांत स्नान होते. ज्यांच्याजवळ यांपैकी काहीच नाही त्यांनी वीस लिटरच्या डब्याच्या बुडाला बागेतील झारीचे तोंड बसवून तो डबा झाडाच्या फांदीला डोक्याच्या वर हातभर उंच टांगावा. दाब फारसा नसतो, पण धार अंगभर पडते.

काही उत्साही मंडळी पिंपच वाहनाच्या टपावर चढवितात. दोनशे लिटर पाण्याचे वजन दोनशे किलो होते, हे ते विसरतात. एवढा भार टपावर घेऊन घाटाचे वळण घेतल्यास वाहन कलंडण्याचे भय असते. पिंप नेहमी जमिनीवर ठेवावे आणि लागेल तेवढेच पाणी वर न्यावे.

वाहनाच्या बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा लहान पंप आता सहज मिळतो. नदीतून पिंपात पाणी घेण्यास तो सोयीचा आहे. मात्र त्याच्या नळीचे तोंड तळाशी टेकले तर वाळू आत जाऊन पंप एकाच दिवसात निकामी होतो, आणि पृष्ठभागावर तरंगत ठेवले तर पालापाचोळा व तवंग ओढला जातो. रिकाम्या बंद डब्याला हातभर दोरीने जाळीचे तोंड बांधून डबा पाण्यावर सोडावा, म्हणजे जाळी मधल्या पाण्यात राहते. निवास-वाहनातील टाकीत नदीचे पाणी कच्चे कधीही भरू नये. एकदा टाकीत व नळीत बुळबुळीत थर धरला की पुढे शहरातील नळाचे पाणी भरूनही तो जात नाही. आणि कोमट, साचलेल्या पाण्यात वाढणारे लिजिओनेला नावाचे जंतू फवाऱ्याच्या तुषारांबरोबर फुप्फुसांत जाऊन न्यूमोनिया उत्पन्न करतात. सहल संपताच टाकी पूर्ण रिती करून वाळवावी.

पाणी तापविण्यासाठी उन्हासारखे स्वस्त साधन नाही. काळा रंग दिलेला वीस लिटरचा डबा सकाळी नऊपासून उन्हात ठेवला तर हिवाळ्यातही दुपारी स्नानाजोगे कोमट पाणी मिळते. पहाटेच स्नान करणाऱ्यांनी घरचा तांब्याचा बंब सोबत घ्यावा. थोड्या काटक्यांत त्याचे काम भागते आणि तो उघड्यावर पेटतो, हा त्याचा मोठा गुण. गॅसवरील गिझर बंद वाहनात अथवा तंबूत लावणे हे मृत्यूला आमंत्रण होय. अपुऱ्या हवेत गॅस जळताना उत्पन्न होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वासही नसतो. दार लावून स्नान करणारा मनुष्य हाक मारण्यापूर्वीच बेशुद्ध होतो. शहरांतील स्नानगृहांतही याने माणसे दगावली आहेत.

वापरलेले पाणी

साबणाचे पाणी नदीत जाऊ देऊ नये, असे सांगितले म्हणजे एका माणसाच्या साबणाने एवढी मोठी नदी कशी बिघडेल, असा प्रतिप्रश्न येतो. एका माणसाने बिघडत नाही. पण मुक्काम एका माणसाचा नसतो, आणि हिवाळ्यात व उन्हाळ्यात नदी मोठीही नसते. कपडे धुण्याच्या चुऱ्यातील फॉस्फेटवर शेवाळ पोसते, शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू वापरला जातो, आणि मासे तडफडून मरतात. वेष्टनावर ‘निसर्गस्नेही’ छापलेला साबणदेखील मातीतील जिवाणूंच्या साहाय्यानेच नीट विघटित होतो. पाण्यात त्याला फार वेळ लागतो.

यासाठी स्नानाची जागा काठापासून निदान दोनशे फूट दूर, काळ्या किंवा तांबड्या मातीत निवडावी. गुडघाभर खोल खड्डा करून त्यात दगडगोटे भरावे व वर फळी किंवा सपाट दगड टाकून उभे राहावे. आपल्या गावांत घरोघरी झालेल्या शोषखड्ड्याचेच हे धाकटे रूप. वाळवंटात असा खड्डा करून उपयोग नाही. वाळूतून पाणी भरभर झिरपते आणि साबण थोड्याच वेळात नदीला, कदाचित आपल्याच झिऱ्याला, जाऊन मिळतो. निघताना खड्डा बुजवावा.

पात्रात मुक्काम नको

पाणी जवळ पडावे म्हणून वाहन थेट वाळवंटात उतरविण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकही एकदा त्याला बळी पडला आहे. एका धरणाच्या खालच्या अंगास, उन्हाळ्यात, कोरड्या वाळूवर आम्ही तंबू ठोकला होता. आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता. पहाटे तीनच्या सुमारास अंथरूण ओले लागले म्हणून जाग आली, तेव्हा चुलीची जागा पाण्याखाली गेली होती आणि भांडी वाहून गेली होती. भोंगा वाजला असेल, आम्हांला मात्र ऐकू आला नाही. आम्ही सहाजण चढ चढून गेलो, म्हणून हा लेख लिहिता येत आहे.

सर्वांचेच दैव इतके अनुकूल नसते. ७ एप्रिल २००५ रोजी देवास जिल्ह्यातील धाराजी येथे भूतडी अमावास्येच्या स्नानासाठी जमलेले हजारो यात्रेकरू नर्मदेच्या पात्रालगत रात्रीच्या मुक्कामाला होते. वरच्या इंदिरासागर धरणातून सोडलेले पाणी अंधारात त्यांच्यावर आले आणि साठाहून अधिक माणसे प्राणांस मुकली. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात, बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील २४ विद्यार्थी लारजी धरणातून सुटलेल्या पाण्याने वाहून गेले. या दोन्ही वेळी पूर नव्हता, पाऊस नव्हता. विजेची मागणी वाढली की धरणातून पाणी सुटते. ती वेळ दिवसातील कोणतीही असू शकते. काठावरील झुडपांत अडकलेला पालापाचोळा व खडकावरील ओलसर पट्टा जितक्या उंचीवर दिसेल, तितके पाणी पुन्हा येऊ शकते, असे समजून मुक्काम त्याच्या बराच वर करावा.

ग्रामपंचायती आणि शाळा

जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम १९७४ अन्वये नदीत दूषित द्रव्ये सोडण्यास मनाई आहे. परंतु पहाटे थंडीत कुडकुडणाऱ्या यात्रेकरूस कलमे वाचून दाखविण्याने फारसे साधत नाही. ज्या गावाजवळ वाहने हमखास थांबतात तेथील ग्रामपंचायतीने काठापासून दूर एक नळ, फरसबंदीचा ओटा, स्त्रियांसाठी आडोसा आणि पक्का शोषखड्डा एवढी सोय केली, तर माणसे आपण होऊन तेथे येतील. अल्प शुल्क आकारल्यास देखभालीचा खर्चही निघू शकेल. धरणाखालील गावांनी पाणी सुटण्याच्या वेळांचा फलक ठळक अक्षरांत लावावा आणि भोंगा मुक्कामाच्या जागेपर्यंत ऐकू येतो किंवा नाही, हे प्रत्यक्ष तेथे उभे राहून पाहावे. २०२८ साली उज्जैन येथे सिंहस्थ भरणार असून त्या निमित्ताने माळव्यातील सर्व रस्त्यांवर व नदीकाठांवर मुक्काम पडतील. तेव्हा ही तयारी आताच हाती घेणे इष्ट.

शिक्षकांस एक प्रयोग सुचवावासा वाटतो. पाण्यात मैला मिसळला आहे किंवा नाही हे ओळखण्याची हायड्रोजन सल्फाइडच्या कागदी पट्टीची सोपी कसोटी ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी शोधून १९८२ साली प्रसिद्ध केली, आणि पुढे ती अनेक देशांत वापरली गेली. पट्टी घातलेली लहान बाटली खुणेपर्यंत पाण्याने भरावयाची व उबदार जागी ठेवावयाची. पाणी दूषित असेल तर एक-दोन दिवसांत ते काळे पडते. शाळेच्या सहलीत मुलांकडून अशा तीन बाटल्या भरून घ्याव्यात : एक घाटाजवळच्या पाण्याची, एक झिऱ्याची आणि एक पिंपातील. पिंपातील पाण्यात क्लोरीनचा अंश शिल्लक असतो व त्याने जंतूंची वाढ बाटलीतच रोखली जाऊ शकते, म्हणून ते पाणी उघड्या भांड्यात दिवसभर उन्हात ठेवून वास गेल्यावरच तपासावे. बाटल्यांवर दिवस, वेळ व ठिकाण लिहून त्या वर्गाच्या खिडकीत ओळीने ठेवाव्यात आणि कोणती आधी काळी पडेल याचा अंदाज मुलांना अगोदर वहीत नोंदवू द्यावा. काळे झालेले पाणी मात्र तसेच मोरीत ओतू नये. त्यात चमचाभर ब्लीचिंग पावडर घालून, बाटली एक तास उघड्या हवेत ठेवून मगच रिती करावी आणि त्यानंतर सर्वांनी साबणाने हात धुवावेत.